ब्लांश करायची असेल तर आधी ग्लास विसळायला शिका

टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकाची सुरुवात आठवा. ब्लांश दुब्वा न्यू ऑर्लिन्सला धाकट्या बहिणीच्या घरी येते. बहीण घरात नाही. वरच्या मजल्यावरची शेजारीण तिला आत बसवते आणि बहिणीला बोलवायला जाते. ब्लांश खुर्चीत आखडून बसते, पाय जुळवलेले, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, जणू थंडी वाजतेय. मग तिची नजर अर्धवट उघड्या कपाटावर जाते. ती झटकन उठते, व्हिस्कीची बाटली काढते, अर्धा ग्लास ओतते, एका दमात पिते, बाटली जपून होती तिथं ठेवते, ग्लास विसळते आणि पुन्हा येऊन पहिल्यासारखी बसते.

थोड्या वेळानं स्टेला येते. गळाभेट होते, रडणं-हसणं होतं. आणि ब्लांश म्हणते, घरात प्यायला काहीतरी असेलच की, कुठं असेल बरं? आणि बाटली शोधायला लागते.

संहितेत ही चार ओळींची सूचना आहे. वाचनाच्या वेळी सगळे त्या ओळी ओलांडून पुढच्या संवादावर जातात. माझं म्हणणं असं की नाटकाचे अकरा प्रवेश आहेत, पण ब्लांश कशी करायची ते या विसळलेल्या ग्लासात आहे.

मी लातूरची. शाळेत इंग्रजी शिकवत होते, आता निवृत्त आहे. पंचवीसेक वर्षं हौशी मंडळींच्या तालमी घेते. ब्लांश मी एकदा स्वतः केली, 1999 मध्ये, आणि पुढं दोन मुलींकडून बसवून घेतली. स्वतः केली तेव्हा ती चुकली, आणि का चुकली ते मला परीक्षकांनी नाही, माझ्या मावशीनं सांगितलं.

मावशी आईची मोठी बहीण. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर महिनाभरानं ती एक लोखंडी ट्रंक घेऊन आमच्याकडं आली. तिचं गाव त्याच पट्ट्यातलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, सगळं बसलं. “घर सावरलं की जाते,” म्हणायची. अकरा वर्षं राहिली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, धुतलेलं इस्त्रीचं पातळ नेसायची, चहा कधी दुसऱ्यांदा मागायची नाही. भिंत कशी पडली ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सरकारनं नवीन गावठाणात घरं बांधून दिली तेव्हा आई म्हणाली, तुझं घेतलंस का? तर म्हणाली, “मला कशाला, एकटीला?”

माझा प्रयोग बघायला ती आली होती, तिसऱ्या रांगेत. पहिल्या प्रवेशापासून मी डोळ्यांत पाणी आणून उभी. टाळ्या बऱ्या पडल्या. रात्री घरी आल्यावर मावशी म्हणाली, “लई रडलीस गं. दुसऱ्याच्या घरात राहणारी बाई एवढं रडत नसती. रडली तर सकाळी विचारतेत, का रडलालीस म्हणून. मग सांगावं लागतंय.”

तेव्हा मला ते नाटक न कळणाऱ्या बाईचं बोलणं वाटलं. मावशी 2004 मध्ये गेली. ट्रंक उघडली, तर तळाला अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्राखाली घराचं खरेदीखत निघालं. 1991 सालचं. भूकंपाच्या दोन वर्षं आधीच वाडा कर्जापायी गेलेला. भिंत पडली हे खरं, पण ती पडली तेव्हा ते घर तिचं नव्हतं, भाड्यानं राहत होती. नवीन घर घेतलं नाही, कारण उताऱ्यावर नावच नव्हतं. अकरा वर्षं तिनं आमच्या घरात ते लपवलं, आणि एकदाही कुणासमोर रडली नाही.

त्यानंतर मी ब्लांश पुन्हा वाचली. खाली जे सांगतेय ते त्या वाचनातून आणि पुढच्या दोन्ही वेळच्या तालमींतून आलेलं आहे.

वही

शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा. पहिल्यात खरं काय घडलं. दुसऱ्यात ब्लांश स्टेलाला काय सांगते. तिसऱ्यात मिचला, म्हणजे तिच्याशी लग्नाचा विचार करणाऱ्या स्टॅन्लीच्या मित्राला, काय सांगते. चौथ्यात स्टॅन्लीला, म्हणजे स्टेलाच्या नवऱ्याला, काय आणि कोणत्या प्रवेशात कळतं. पाठांतराच्या आधी हे व्हायला हवं, पाठांतर झाल्यावर वाक्यं अंगवळणी पडतात आणि मग माणूस विचारत नाही.

पहिला रकाना भरताना वेळ घ्या. सोळाव्या वर्षी ती अ‍ॅलनच्या प्रेमात पडते, पळून जाऊन लग्न करते. एक दिवस रिकामी असेल समजून एका खोलीत शिरते, तर तिथं तो एका वयानं मोठ्या मित्राबरोबर असतो. त्यावर कुणीच काही बोलत नाही. तिघं मिळून गाडीनं मून लेक कॅसिनोला जातात, वाटेत पितात, हसतात. नाचता नाचता ती एकदम बोलून जाते, मी पाहिलंय, मला तुझी किळस येते. तो धावत बाहेर जातो आणि तळ्याकाठी स्वतःला गोळी घालून घेतो. मग बेल रीव्ह, म्हणजे वडिलोपार्जित घर. तिथं एकामागून एक दुखणी आणि मरणं, ब्लांश एकटी सगळ्यांचं करते. पूर्वजांनी रंगेलपणात उधळून आधीच पोखरलेली जमीन, वर कर्ज, शेवटी गहाणात घर जातं. मग लॉरेल गावातलं हॉटेल फ्लेमिंगो आणि तिथं येणारे अनोळखी पुरुष. मग शाळेतला सतरा वर्षांचा मुलगा, आणि नोकरी जाणं.

त्या मुलाबद्दल एक सांगते. आपल्याकडं भूमिकेवर जीव जडला की तिचं सगळं धुऊन काढायची सवय असते. तसं करू नका. ब्लांश शिक्षिका होती आणि तो विद्यार्थी होता. मी आयुष्यभर वर्गात उभी राहिले, मला हे सोडून देता येत नाही. तिच्यावर अन्याय झाला म्हणून तिनं केलेलं पुसलं जात नाही, आणि तिलाही ते ठाऊक आहे. पाचव्या प्रवेशात पेपरचे पैसे मागायला आलेल्या पोराला ती जवळ ओढते, तेव्हा प्रेक्षकाच्या अंगावर काटा यायला हवा. तो प्रवेश गोड करून टाकला तर पुढं स्टॅन्ली जे सांगतो ते नुसतं किटाळ वाटतं.

आता दुसरा-तिसरा रकाना भरा. स्टेलाला ती सांगते, मनावर ताण आला म्हणून मुख्याध्यापकांनी रजा घ्यायला लावली. मिचला सांगते, स्टेलाची तब्येत बरी नाही म्हणून मदतीला आलेय, आणि स्टेला माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठीच आहे. (प्रत्यक्षात स्टेला पंचविशीची, ब्लांश तिच्याहून पाचेक वर्षांनी मोठी.) वही भरत गेलात की एक गोष्ट दिसेल. खोटं ती बारीकसारीक बोलते: वय, दारू, रजा. अ‍ॅलनचं मरण, जे सगळ्यात जास्त दुखतं, ते सहाव्या प्रवेशात मिचला खरंखुरं सांगते, स्वतःच्या तोंडचं वाक्यसुद्धा वगळत नाही. फ्लेमिंगोच्या ओळीसमोर मात्र दोन्ही रकाने कोरे राहतात. तिथं ती खोटं बोलत नाही, तिथं ती गप्प आहे.

खोटं बोलणं तोंडानं होतं. लपवणं हातांनी होतं. मावशी भिंतीची गोष्ट सांगायची तेव्हा कधी नुसती बसलेली नसायची, तांदूळ निवडायची नाहीतर पातळाची घडी मोडून पुन्हा घालायची. तुमच्या ब्लांशचे हात कशात गुंतले आहेत ते प्रत्येक प्रवेशात ठरवा. अभिनयाचं निम्मं काम तिथंच होतं.

ग्लास कसा विसळायचा

2017 च्या तालमीतली मुलगी हुशार होती, आवाज सुंदर. तिनं पहिल्या दिवशी ग्लास विसळला तो दुःखानं. नळाखाली धरून शून्यात बघत. मी थांबवलं. म्हटलं, तू सासरी आहेस, दुपारी सगळे झोपलेत, तुला भूक लागली म्हणून तू दुधावरची साय खाल्लीस. आता वाटी धू.

ती हसली, आणि मग धुतलं. काय केलं बघा. नळाची धार आधी बारीक केली, आवाज नको म्हणून. बोटानं काठ पुसला. पाणी झटकलं नाही, निथळू दिलं. पदरानं बाहेरून कोरडी केली, आणि ठेवताना तिचं तोंड पहिल्यांदा होतं त्याच दिशेला केलं. मग ओले हात मागं पुसले. डोळे पूर्ण वेळ दाराकडं.

तेच ग्लासावर आणा. कोऱ्या चहाचं पाणी वापरा, कोमट नको, गारच असू द्या, म्हणजे एका घोटात जातं. वीस सेकंदांत सगळं बसलं पाहिजे. त्यापेक्षा लांबलं की ती उदास बाई होते, आणि उदास बाईला घाई नसते. ब्लांशला घाई आहे.

याची फेड लगेच मिळते. स्टेलासमोर ती बाटली शोधते तेव्हा प्रेक्षकाला माहीत असतं ती कुठंय. तुम्ही चुकीचं कपाट आधी उघडायचं नाही, तो विनोदी नाटकातला मार्ग झाला. नजर सगळ्या खोलीत फिरवा, फक्त त्या कपाटावर एकदाही थांबू देऊ नका. सापडल्यावर हात इतका थरथरतो की बाटली निसटायला येते. आणि थोड्याच वेळात स्टॅन्ली बाटली उजेडाकडं धरून किती उरलीय ते बघतो. तो बोलतो साधंच, पण हिशोब तिथंच सुरू होतो. दारूच्या बाटलीवर खूण करून ठेवणारे पुरुष आणि साखरेच्या डब्यावर नजर ठेवणाऱ्या बायका आपल्या घरांत काही कमी नाहीत, त्यामुळं आपला प्रेक्षक हे चटकन पकडतो. त्याच्यावर विश्वास ठेवा.

उजेड

ब्लांशला उघडा दिवा चालत नाही. तिसऱ्या प्रवेशात ती मिचला एक कागदी कंदील देते आणि बल्बवर चढवायला लावते. वयाचं खोटंही त्याच वेळी येतं, हे वहीत एकमेकांशेजारी लिहून ठेवा.

कंदील विकतचा नको. दिवाळीत आपण आकाशकंदील करतो तसा बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागदाचा करा, फिकट रंगाचा. तो दोनदा फाडला जातो: नवव्या प्रवेशात मिच फाडतो आणि शेवटच्या प्रवेशात स्टॅन्ली उपटून तिच्यापुढं धरतो, तेव्हा ती ओरडते, जणू कंदील म्हणजे तीच. म्हणजे एका प्रयोगाला दोन कंदील, रंगीत तालमींना वेगळे. आम्ही चौदा केले होते. आत एलईडी बल्ब लावा. जुना पिवळा बल्ब कागदाला तापवतो आणि विंगेतून ते लक्षात येत नाही.

नटीचं काम असं की तालमीच्या पहिल्या दिवसापासून बल्ब कुठं टांगलाय ते तिला माहीत पाहिजे, जरी तालीम शाळेच्या वर्गात ट्यूबलाइटखाली चालू असली तरी. मी छताला दोरीनं एक रिकामी प्लास्टिकची बाटली टांगते. ब्लांश तिच्या खाली कधी उभी राहत नाही, खाली बसत नाही, जावंच लागलं तर पाठ करून जाते. आठ-दहा तालमींत ते अंगात मुरतं. मग प्रयोगात मिच तिला धरून थेट बल्बखाली आणतो तेव्हा तिच्या मानेलाच ते नको असतं, वेगळा अभिनय करावा लागत नाही.

आमच्या पिढीनं भारनियमन भरपूर काढलं. रात्री तास न् तास वीज नसायची, बायका ओसरीवर बसायच्या. अंधारात एकमेकींना जे सांगितलं जायचं ते दिवे आल्यावर अर्ध्यातच थांबायचं. वीज आली की पोरं आनंदानं ओरडायची आणि बायका पदर सारखा करून उठायच्या. तो क्षण ज्यांनी पाहिलाय त्यांना मिच दिव्याचं बटण का दाबतो आणि ते किती क्रूर आहे हे समजावून सांगावं लागत नाही. नव्या मुलींना सांगावं लागतं. एक तालीम मेणबत्तीवर घ्या.

अंघोळ

हा भाग आमच्याकडं सगळ्यात अवघड गेला. ब्लांश सारखी अंघोळ करते. भर उन्हाळ्यात गरम पाण्यात तासभर बसते, दोन खोल्यांच्या घरात न्हाणीघर अडवून ठेवते, स्टॅन्ली दार ठोकतो.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, पाच लाख लिटर घेऊन. त्या वर्षी माझी 2017 ची ब्लांश अकरावीत होती. टँकर आला की रात्री दोनला उठून घागरी लावायची. अंगावर घेतलेलं पाणी खाली टोपल्यात धरून संडासाला वापरायचं, हे तिनं केलेलं. तिला ब्लांशची अंघोळ सहनच होईना. म्हणाली, “मॅडम, ही बाई स्वार्थी आहे.”

मी म्हटलं, बरोबर. आता सांग, तूच दुसऱ्याच्या घरी पाहुणी आहेस, पाणी मोजून आहे, तुला कळतंय की बाहेर लोक थांबलेत, तरी तू बाहेर येत नाहीस. असं अंगाला काय लागलंय जे निघत नाही?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “कुणाचे तरी हात.” तिथून पुढं मला त्या प्रसंगांसाठी काही सांगावं लागलं नाही.

सातवा प्रवेश मात्र तांत्रिक आहे, तिथं नीट मेहनत करा. सप्टेंबरचा मध्य, ब्लांशचा वाढदिवस, केक तयार. ती आत अंघोळ करत गाणं म्हणतेय आणि बाहेर स्टॅन्ली स्टेलाला लॉरेल, फ्लेमिंगो, तो मुलगा, सगळं सांगतोय. विंगेत बादली, तांब्या आणि खरं पाणी ठेवा, रेकॉर्डिंग नको. नटीनं दिसत नसतानाही अंगावर टॉवेल घेऊन, केस बांधून गायचं. स्टॅन्लीची कोणती वाक्यं गाण्याच्या ओळींमध्ये पडतात ते ठरवून घ्या, नाहीतर दोघं एकमेकांना बुडवतात. आणि गाताना ती नाटकातल्या कोणत्याही क्षणापेक्षा जास्त आनंदात असू द्या. आवाजात किंचित जरी हुरहुर आली तरी प्रवेश पडतो. बाहेर काय चाललंय हे तिच्या आवाजाला माहीत नाही, एवढंच सांभाळायचं.

मिच आणि स्टॅन्ली

स्टॅन्लीबद्दल चौथा रकाना सगळं सांगतो, म्हणून थोडक्यात. दुसऱ्या प्रवेशात तो ट्रंक उपसतो, कपडे, दागिने, कागद. पाचव्यात शॉ नावाच्या माणसाचा विषय काढतो, तो तुम्हाला लॉरेलच्या फ्लेमिंगो हॉटेलात भेटलाय म्हणतो. ब्लांश हसून उडवते, कोलन शिंपडलेला रुमाल कानशिलाला लावते. तो गेल्यावर तोच रुमाल उचलताना हात कापतो. हसताना हात स्थिर, एकटीनं बसताना कापरा. हे उलटं केलंत तर ती स्टॅन्लीसमोरच पकडली जाते आणि पुढचे प्रवेश वाया जातात. सातव्यात सगळं उघड, आठव्यात वाढदिवसाची भेट म्हणून लॉरेलला परतीचं बसचं तिकीट.

तालमीत एकदा ही नात्यांची बाजू आपल्या बोलीत करून बघा, संहिता बाजूला ठेवून. मी दोघींना बसवलं, एक लहान बहीण, एक मोठी. लहान भाकरी थापतेय. ती एवढंच म्हणाली, “ताई, किती दिवस राहणारायस गं? दाजी इचारलालते.” मोठीनं पिठाची परात स्वतःकडं ओढली आणि म्हणाली, “सर, मी थापते.” उत्तर दिलंच नाही. “दाजी इचारलालते” हे वाक्य ज्या बाईनं ऐकलंय तिला एलिझियन फील्ड्स रस्त्यावरच्या स्टेलाच्या त्या घरात आपण कुठं बसायचं ते कळतं. प्रयोगात मात्र न्यू ऑर्लिन्स न्यू ऑर्लिन्सच राहू द्या. लातूर करायला गेलात तर ते पोकरचे डाव, ती रेल्वेशेजारची वस्ती, दक्षिणेतल्या जमीनदार घराण्याचा तो तोरा, सगळं लटकं पडतं.

मिचशी नववा प्रवेश हा कळीचा. तो दाढी न करता, कामाच्या कपड्यांत येतो. कंदील फाडतो, दिवा लावतो, विचारतो. आणि ती कबूल करते. फ्लेमिंगोच्या पुढचे कोरे रकाने इथं पहिल्यांदा भरतात. बहुतेक नट्या इथं आवाज चढवतात. मी उलटं सांगते: आठ प्रवेश तिचे हात कशात ना कशात गुंतलेले होते, इथं ते रिकामे करा. मांडीवर ठेवा, उताणे. आवाज खाली आणा, वेग कमी करा. लपवायचं काम संपलं की माणूस आधी थकतो, रडणं नंतर येतं, आलं तर. बाहेर मृतांसाठी फुलं विकणारी मेक्सिकन बाई येते ती याच थकव्यात ऐकू येऊ द्या.

अ‍ॅलनबरोबरच्या त्या शेवटच्या नाचाचा पोल्का फक्त ब्लांशला ऐकू येतो आणि बंदुकीच्या आवाजानं थांबतो. तो पोल्काच ठेवा. दुःख म्हणून बासरी किंवा सारंगी घातलेली मी ऐकलीय, त्यानं अर्थ जातो. ती धून नाचाची आहे, म्हणूनच भयंकर आहे.

दहावा प्रवेश

याबद्दल गप्पा नकोत, नियम हवेत. स्टॅन्ली तिच्यावर बलात्कार करतो, तो रंगमंचावर दाखवलेला नाही, तो तिला उचलून पलंगाकडं नेतो तिथं प्रवेश संपतो. एवढंच करा. प्रत्येक पकड, प्रत्येक पाऊल आधी मोजून ठरवा, मनगट कुठं धरायचं, किती घट्ट, कधी सोडायचं. “भावनेच्या भरात” काहीही नवीन घडता कामा नये. तालमीच्या खोलीत नटीच्या पसंतीची दुसरी बाई हजर असलीच पाहिजे. नटीनं हात वर केला की तालीम थांबते, कारण विचारायचं नाही. बाटली फोडायची ती काचेची नको, आवाज विंगेतून द्या. मी तरुण असताना एका दिग्दर्शकानं अशाच प्रसंगात समोरच्या नटाला गुपचूप वेगळी सूचना दिली होती, म्हणजे माझी प्रतिक्रिया “खरी” येईल म्हणून. डाव्या हाताची करंगळी अजून पूर्ण वळत नाही. तुमच्याकडं कुणी असं सुचवलं तर पुस्तक खाली ठेवा आणि घरी जा.

शेवटचा प्रवेश

त्याआधी सिनेमाबद्दल एक. 1951 चा चित्रपट जरूर पाहा, पण हालचाली पक्क्या झाल्यावर. त्यात अ‍ॅलनची गोष्ट सेन्सॉरपायी झाकलेली आहे आणि स्टेला शेवटी नवऱ्याकडं परत जाणार नाही असं म्हणते. नाटकात तसं नाही. 3 डिसेंबर 1947 ला ब्रॉडवेवर जेसिका टँडीनं ब्लांश केली त्या मूळ शेवटात स्टेला त्याच घरात राहते, कारण बहिणीचं खरं मानलं तर नवऱ्याबरोबर राहता येणार नाही. म्हणजे लपवायचं काम आता स्टेलाकडं आलं. तिच्या कडेवर तान्हं मूल आहे. स्टेला करणाऱ्या मुलीला हे वेगळं बसवून सांगा, तिनंही या प्रवेशापुरती वही लिहावी.

ब्लांशनं इथं वेडी करायची नाही. केस सोडणं, डोळे फिरवणं, काही नको. ती आताच न्हाऊन आलीय, कपडे निवडतेय, कुणीतरी न्यायला येणार म्हणून तयार होतेय. दारात तिला वेड्यांच्या इस्पितळात न्यायला आलेला डॉक्टर दिसतो, तो अपेक्षेतला माणूस नाही. ती घाबरून मागं फिरते. मेट्रन तिला धरते. मग डॉक्टर टोपी काढतो, हळू बोलतो, हात पुढं करतो. अनोळखी माणसांच्या चांगुलपणाबद्दलचं ते प्रसिद्ध वाक्य तिथं येतं. ते वाक्य म्हणून म्हणू नका. एसटीत उभ्यानं प्रवास करताना कुणी सरकून जागा दिली की आपण ज्या सुरात आभार मानतो, त्या सुरात म्हणा. ती त्याच्या हाताला धरून चालत जाते, पहिल्या प्रवेशात आली तशीच, मान ताठ.

कपड्यांचं फार सांगत नाही. पांढरा सूट, हातमोजे, टोपी, मोत्यांचा हार. शिंप्याकडून शिवून घ्या, भाड्याचं अंगावर बसत नाही आणि ब्लांशचं सगळं अंगासरशी लागतं.

ट्रंक मात्र मी देते. दोन्ही वेळा मावशीचीच वापरली. कडी जरा अडकते, स्टॅन्ली करणाऱ्याला ती उघडायची सवय करावी लागते. आत काय भरायचं ते नटीनं एकटीनं ठरवायचं आणि तळाला वर्तमानपत्र अंथरून त्याखाली एक कागद ठेवायचा, स्वतः लिहिलेला. त्यावर काय आहे ते स्टॅन्लीला सांगायचं नाही, स्टेलाला नाही, मलाही नाही. स्टॅन्ली दुसऱ्या प्रवेशात कपडे उपसतो तेव्हा त्याचा हात त्या वर्तमानपत्रापर्यंत जातो, आणि प्रत्येक प्रयोगाला मुलगी विंगेतून ते बघत असते. शेवटच्या प्रयोगानंतर मी ग्रीनरूममधून सगळ्यांना बाहेर पाठवते. ती कागद काढून घेते, मग मी ट्रंक रिक्षात घालून घरी आणते.